सव्वा पौंड वजा

इंजिन बंद. सांब्र्याच्या धावपट्टीवर माझं विमान
पडद्यात उभं, पंख्याची तिन्ही पाती थांबलेली,
आणि दाबाचा काटा मी शून्यावर टेकवलेला.
बंद म्हणजे शून्य, एवढंच मला ठाऊक.

भरमाण्णा कुद्रेमानीकरांनी चहाची बशी खाली ठेवली.
"इंजिन थांबलंय की रे. हवा कुठं थांबलीया?"

उद्यमबागेत एकतीस वर्षं
लोकांचे गेज तपासले या माणसानं.
बॉयलरचे, पंपांचे, दवाखान्यातल्या सिलिंडरचे.
काचेवर नखानं एकच टिचकी,
की अडून बसलेला काटा खरं बोलायला लागायचा.
विमानात ते कधी बसले नाहीत.
माझ्या पडद्यालाही त्यांनी टिचकी मारली.
काटा ढिम्म.
ते हसले नाहीत.

मग माझी रात्र गेली.
समुद्रावर जवळजवळ तीस इंच पारा,
तिथून वर दर हजार फुटांना एक इंच कमी,
नाक्यानाक्यावर पावती फाडावी तसा.
आपलं गाव अडीच हजार फुटांवर.
सकाळी बंद इंजिनाचा काटा
साडेसत्तावीसवर निवांत उभा होता.

शेजारी दुसरी तबकडी, जुन्या इंग्रजी विमानाची.
ती पौंडात मोजते, आणि तिचं शून्य
समुद्रकाठी पुरलेलं.
तीच हवा, तोच क्षण.
ही म्हणते साडेसत्तावीस, ती म्हणते उणे सव्वा.
"दोन्ही बरोबर?"
"दोन्ही."
भरमाण्णांनी खिडकीतून समोरच्या दुकानाची पाटी बघितली,
वरची ओळ, मग खालची.
"म्हणजे आपण जन्मापासनं सव्वा पौंड वजा," म्हणाले,
आणि बिस्कीट बुडवलं.

उडालो. साधं इंजिन, थ्रॉटल पूर्ण पुढं.
राकसकोपचं पाणी खाली नाण्याएवढं झालं
आणि काटा उतरत गेला,
चोवीस, एकवीस, अठरा.
हात तसाच पुढं, आणखी ढकलायला जागा नाही.
"दम लागला ह्याला."

मग दुसरं विमान. सुपरचार्जरवालं.
क्रँकला दात लावून फिरणारा भाता,
पातळ हवा गोळा करून कोंबणारा.
चाळीस इंचांवर काटा धरला.
पाच हजार. आठ. अकरा.
जमीन सुटत होती, खानापूरचं रान निळं पडत होतं,
काटा मात्र भिंतीत ठोकल्यासारखा.
चौदा हजारांवर तो केसभर सरकला,
तिथून पुन्हा तीच पावती, तोच नाका.

"भात्याला फिरवतंय कोण?"
"इंजिनच. त्याचीच थोडी ताकद जाते त्यात."
"म्हणजे आपलीच हवा आपण विकत घ्यायची."

बराच वेळ फक्त इंजिनाचा आवाज, तोही स्पीकरमधला.

"पोरीच्या नर्सिंगची तीन वर्षं
मी रात्रपाळी जोडून धरली होती.
काटा खाली येऊ दिला नाही.
घरात कुणाला कळलंच नाही, चढ आहे म्हणून."

कितव्या हजाराला सुटला, हे मी विचारणार होतो.
त्यांनी चोर्ला घाटाकडं बोट केलं.
"खाली घे. दर्या बघू."

घाट संपला, नारळी आल्या,
मोरजीच्या वाळूवर मी चाकं टेकवली;
खेळात चालतं.
इंजिन बंद केलं.
एक काटा तिसाला भिडलेला,
दुसरा बरोबर शून्यावर.
त्यांनी वाकून नखानं टिचकी मारली.

या वेळी काटा थरथरला, आणि पुन्हा तिथंच थांबला.
रात्री कोडात मी एक ओळ जास्त लिहिली होती.

अनगोळात, दुसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली बसून
भरमाण्णा त्या पुऱ्या शून्याकडं बघत राहिले.
मग शर्टाचं वरचं बटण काढलं.
"चल वर," म्हणाले, "इथं उकडायलंय."